कार्तिकातला घास

वसुबारसेला आमच्या पुण्याच्या बिऱ्हाडात गाय-वासराचे चित्र पाटावर मांडून पूजा होते. गोठा नाही, तेव्हा नैवेद्यही आम्हीच खातो! पण जिथे खरी जनावरे दावणीला आहेत, तिथे या दिवसांत काय चालते ते मला एका विद्यार्थ्याने दाखवले.

हा मुलगा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाचा, भीमाशंकरच्या डोंगरातला. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो. भातकापणी आटोपून सारे घर डोंगरउतारावर गवत कापत होते. अंगणाशेजारी गवताच्या दोन उंच गंजी रचलेल्या. मी त्याच्या वडिलांना म्हटले, “बाबा, आता पावसाळ्यापर्यंत काळजी मिटली!”

म्हातारबाबा हसले. “पोट भरंल, गुरुजी. पर अंग न्हाई धरायचं.”

याचा अर्थ पुढल्या आषाढात कळला. ऐन चिखलणीत त्यांचा धाकटा डांगी बैल खाचरात बसला, तो उठेचना. डांगी ही पावसाळी मुलखाची जात. कातडी तेलकट, धारेखालीही राबणारी. पावसापुढे तो हरला नव्हता. सात-आठ महिन्यांच्या वाळल्या गवताने त्याला हरवले होते. शेजाऱ्याची जोडी मोकळी होईपर्यंत लावणी लांबली.

एका पशुवैद्य स्नेह्याने मला उलगडा केला. गाईबैलांच्या पोटातले असंख्य सूक्ष्म जीव गवत पचवतात, आणि त्यांना प्रथिन लागते. कोवळ्या गवतात ते पुष्कळ. बी गळून गवत वाळले की शंभरात तीन-चार भागच उरते. सातांच्या खाली गेले की ते जीव थकतात, चारा पोटात रेंगाळतो आणि भरल्या गव्हाणीपुढे जनावर उपाशी राहते!

उपाय आहेत. गवत फुलोऱ्यात कापावे. पण तेव्हा पाऊस उघडलेला नसतो. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पाण्यात पुरता विरघळवून शिंपडावा, पेंढा दाबून एकवीस दिवस हवाबंद ठेवावा, मग वारा देऊन घालावा. नुसता युरिया मात्र विषच! सर्वांत सोपे म्हणजे कार्तिकापासून बैलामागे रोज अर्धा किलो शेंगदाणा पेंड.

हे सांगताच म्हातारबाबा म्हणाले, “पेंडीला पैसं कार्तिकात कुठनं आणायचं?” खरेच होते. डिंभे आणि माणिकडोह ही धरणे याच डोंगरांच्या कुशीतली. पण कालव्यांचे पाणी पूर्वेकडे जाते. हिरवा मका, लसूणघास, उसाचे वाढे तिकडे. इकडे दिवाळीचा खर्च उभा आणि भात अजून विकायचे. आषाढात बैल उभा राहणार की बसणार, हे कार्तिकातच ठरते. आणि नेमका तेव्हाच हात रिकामा.

तो विद्यार्थी आता मंचरला नोकरी करतो. दिवाळीला घरी जाताना कपड्यांबरोबर पेंडीचे पोते नेतो. दोन बैलांना ते पन्नास दिवस पुरते. पुढचे पोते संक्रांतीला. यंदा त्यात निम्मा वाटा आमच्या बिऱ्हाडाचा आहे. चित्रातल्या गाईचा नैवेद्य खऱ्या दावणीला पोचला, इतकेच.