न मिळणाऱ्या नाण्याची जाहिरात

बहुतेक व्यापारांत विकणाऱ्याला मालाची किंमत ठाऊक असते आणि घेणारा अंधारात असतो. जुन्या नाण्यांच्या व्यापारात हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. आजीच्या पेटीतला चांदीचा रुपया घेऊन येणारा गृहस्थ विक्रेता असतो आणि अज्ञानी तोच असतो. पारख असते ती घेणाऱ्याजवळ. म्हणूनच या व्यवसायात पांडित्य आणि सचोटी यांची फारकत झाली, तर पांडित्य हेच लुबाडणुकीचे साधन ठरते. या कसोटीवर घासून पाहण्याजोगे एक चरित्र म्हणजे अमेरिकेतील नाण्यांचे व्यापारी बी. मॅक्स मेल यांचे होय.

रशियन साम्राज्यात १८८४ साली एका ज्यू कुटुंबात जन्मलेला हा मुलगा आईवडिलांबरोबर टेक्सासमध्ये येऊन स्थायिक झाला. जोड्यांच्या दुकानात नोकरी करीत असतानाच त्याला नाण्यांचा नाद लागला आणि १९०३ साली संग्राहकांच्या एका मासिकात त्याने आपली जाहिरात दिली. पुढे फोर्टवर्थ हे मेल यांचे कायमचे ठाणे झाले. नाण्यांचा प्रतिष्ठित व्यापार तेव्हा न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथे एकवटलेला होता. फोर्टवर्थ हे गुराढोरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. पण मेल यांनी टपालालाच आपली पेढी केले. ज्या ग्राहकाचे तोंडही कधी पाहिले नाही, त्याने आपले नाणे पाकिटात घालून पाठवावे आणि योग्य दाम परत येईल असा भरवसा बाळगावा, यावर हा सारा डोलारा उभा होता.

त्यांची सर्वांत गाजलेली जाहिरात मात्र या भरवशालाच प्रश्न विचारते. १९१३ साली अमेरिकन सरकारने पाच सेंटांच्या नाण्यावरील स्वातंत्र्यदेवतेचे चित्र बदलून नवे चित्र आणले. तरीही जुन्या चित्राची, १९१३ सालाची पाच नाणी टाकसाळीतून गुपचूप बाहेर पडली. ती पाचही कर्नल ग्रीन या धनाढ्य संग्राहकाकडे गेली आणि जाणकारांच्या वर्तुळात ही गोष्ट लपलेली नव्हती. असे असताना, हे नाणे आणून देणाऱ्यास पन्नास डॉलर देऊ, अशी जाहिरात मेल वर्षानुवर्षे देत राहिले. महामंदीच्या काळात पन्नास डॉलर ही लहान रक्कम नव्हती. लाखो लोक खिशातली मोड उलटसुलट करून पाहू लागले आणि एक डॉलर किमतीचे मेल यांचे भावपुस्तक घरोघर पोहोचले.

जे नाणे कोणाला सापडणारच नाही त्याची आशा दाखवून पुस्तके खपविणे ही वंचना नव्हे काय? हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. बहुतेकांच्या पदरी निराशाच पडली. कारण खिशातले पाच सेंट हे बहुधा पाच सेंटच असतात. परंतु चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मेल यांनी घेतलेल्या डॉलरच्या मोबदल्यात पुस्तक हाती पडत होते आणि त्यात इतर असंख्य नाण्यांचे खरेदीचे भाव छापलेले होते. छापील भाव हे व्यापाऱ्याने स्वतःवर घातलेले बंधन असते. पेढीच्या आत राहणारे ज्ञान त्यांनी शेतकऱ्याच्या आणि कारकुनाच्या हाती दिले, आणि श्रीमंतांचा शोक सामान्यांचा छंद झाला. ग्रीन यांच्या मृत्यूनंतर त्या पाचांपैकी एक नाणे १९४४ साली मेल यांच्याच लिलावात आले आणि ३,७५० डॉलरांना विकले गेले. १९५७ साली मेल वारले.

पारखीची जबाबदारी किती मोठी असते, हेही याच नाण्यांनी दाखवून दिले. १९६२ साली एका संग्राहकाचा मोटार अपघातात अंत झाला. त्याच्याजवळचे नाणे जाणकारांनी बनावट ठरविले आणि ते चार दशके घरच्या कपाटात पडून राहिले. २००३ साली उरलेल्या चार नाण्यांशेजारी ठेवून पाहिल्यावर ते अस्सल असल्याचे सिद्ध झाले आणि २०१३ साली त्याला एकतीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. पारखणाऱ्याचा एक शब्द कुटुंबाच्या दैवाची दिशा अशी बदलू शकतो.

आपल्याकडे आज हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट किंवा ७८६ हे आकडे असलेली नोट लाखो रुपयांना विकली जाते, अशा जाहिराती मोबाईलवर अखंड फिरत असतात. वरवर पाहता हा मेल यांचाच मार्ग वाटेल. प्रत्यक्षात येथे पुस्तक मिळत नाही, भाव बांधलेला नसतो, आणि सौद्यापूर्वीच शुल्क, दलाली वा कराच्या नावाखाली पैसे उकळले जातात. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्हही त्यासाठी वापरले गेल्यामुळे, आपण असा व्यवहार करीत नाही आणि त्यासाठी कोणाला अधिकारही दिलेला नाही, असा खुलासा बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये करावा लागला.

लोभ जागविणारी जाहिरात दोन्हीकडे आहे. फरक आहे तो पैसे कोणत्या दिशेने जातात याचा. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा तो व्यापारी नव्हे, ही साधी खूण प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. आणि आपल्या सराफ बाजारांतून, जुन्या बाजारांतून हा व्यवसाय निष्ठेने करणाऱ्यांनीही एक गोष्ट ओळखावी. देव्हाऱ्यातला रुपया अडचणीपोटी विकायला आलेल्या माणसाला, त्याने न विचारताही, खरा भाव सांगणे हाच त्यांच्या विद्येचा कस आहे. ज्या दुकानात हे घडते, तेथे नाणी कमी असली तरी चालतील; तेथे माणसे पुन्हा येतात.