विटा मोजणारी माणसे

"मामा, मी विटा मोजते," असे माझी भाची पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मला हसू आले. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मुलगी विलायतेला गेली, ती काय विटा मोजायला? पण गेल्या उन्हाळ्यात महिनाभर लंडनजवळ तिच्या घरी राहिलो आणि माझे हसू हळूहळू ओसरले.

तिच्या धंद्याचे नाव 'क्वांटिटी सर्व्हेअर'. घर बांधायचे म्हटले की आपल्याला आर्किटेक्ट आठवतो, कंत्राटदार आठवतो. या दोघांच्या मध्ये बसून मालाचा नि पैशाचा हिशेब राखणारा तिसरा माणूस सहसा कुणाला आठवत नाही. इंग्लंडात मात्र त्याचे बस्तान जुने आहे. पूर्वी तिकडे गवंड्याचे, सुताराचे काम झाल्यावर ते मोजून पैसे चुकते करीत. पुढे एकोणिसाव्या शतकात सबंध इमारतीची ठोक किंमत आधीच मागण्याची प्रथा पडली. मग एकाच नकाशावरून पाच कंत्राटदारांनी पाच वेळा तेच मोजमाप करायचे! हा उद्योग परवडेना, तेव्हा त्यांनी मिळून एकच मोजणारा नेमला. पुढे मालकालाही वाटले, की या मोजमापात आपलाही माणूस हवा. होता होता, दोन्ही बाजूंनी ज्याचा आकडा मानावा असा एक जाणकार निर्माण झाला. आपल्या गावात दोन भावांच्या वाटणीत ज्याचा शब्द चाले, तशातलाच हा माणूस.

१८३४ च्या ऑक्टोबरात वेस्टमिन्स्टरचा राजवाडा जळाला. चार्ल्स बॅरी यांच्या नव्या पार्लमेंटच्या आराखड्याचा खर्च काढायला हेन्री हंट नावाचे सर्व्हेअर होते. अंदाज निघाला सात लाख पौंडांच्या थोडा वर. प्रत्यक्षात खर्च वीस लाखांच्या पुढे गेला आणि काम तीन दशके रेंगाळले. अंदाज आणि बिल यांचे वैर फक्त आपल्याच घरी असते असे समजणाऱ्या वाचकांनी एवढ्यावरून धीर धरावा! १८६८ साली या मंडळींनी लंडनमध्ये आपली संस्था काढली, आणि १९२२ मध्ये मोजमापाची एक प्रमाण पद्धत छापली गेली. कशाचे माप चौरसात, कशाचे लांबीत, काय वजा करायचे आणि काय नाही, हे सारे त्यात ठरवून दिलेले. आज तिच्या जागी नवे नियम आले आहेत आणि मोजणी संगणकाच्या पडद्यावर होते. पण मूळ रीत तीच आहे.

ती रीत एके संध्याकाळी भाचीने मला शिकवली. तिने विचारले, "मामा, बाहेरून दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असे घर आहे. भिंतीची एकूण लांबी किती?"

मी ऐटीत म्हणालो, "बत्तीस मीटर."

"चूक! भिंत तीस सेंटिमीटर जाड आहे. तुम्ही चारही कोपरे दोनदा मोजलेत."

भिंतीच्या मधोमध रेघ कल्पायची आणि ती मोजायची. म्हणजे बत्तिसांतून चार वेळा जाडी वजा. उरतात तीस मीटर ऐंशी सेंटिमीटर. भिंत तीन मीटर उंच धरली, तर माझ्या उत्तराने मालकाच्या गळ्यात साडेतीन चौरस मीटरांहून अधिक अशी भिंत पडली असती, जी जगात कुठेच नाही!

मग तिने जुन्या पद्धतीचा मोजणीचा कागद दाखवला. त्यावर रकाने आखलेले. एकात 'किती वेळा', दुसऱ्यात मापे, तीही नेहमी लांबी, रुंदी, उंची याच क्रमाने, तिसऱ्यात गुणाकार. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही. त्याच्यापुढे 'निल' लिहायचे, म्हणजे चूक झाली होती हेही मागाहून दिसावे. मला हा नियम फार आवडला. शेवटचा रकाना सर्वांत रुंद, तो वर्णनाचा. वीट कोणती, चुना की सिमेंट, दर्जे कसे भरायचे, ते सारे इथे येते. या वर्णनांची आणि मापांची जी यादी तयार होते तिला 'बिल ऑफ क्वांटिटीज' म्हणतात. कंत्राटदार तिच्यावर आपापले दर भरतात. सर्वांपुढे यादी एकच, म्हणून तुलना न्यायाची.

इथे माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. आकड्यांचा समजलेला हा धंदा निम्मा तरी भाषेचा निघाला! मागे मी स्वतःच्या घराला रंग दिला तेव्हा कंत्राटदाराशी केलेल्या कागदावर 'भिंतींना चांगला रंग देणे' असे लिहिले होते. पावसाळा संपतो तोच रंगाचे पोपडे निघाले. तो म्हणाला, "साहेब, चांगलाच दिला होता." त्या 'चांगला' शब्दावर मी काय भांडणार? तो शब्द मीच लिहिला होता.

भाची तेव्हा तिथल्या सनदी सर्व्हेअरच्या परीक्षेच्या तयारीत होती. स्वतः केलेल्या कामावर तीन हजार शब्दांचा निबंध आणि मग तासाभराची तोंडी परीक्षा. परीक्षक मी झालो. कंत्राटदाराला दरमहा पैसे कसे मोजून द्यायचे, शेकडा तीन किंवा पाच अनामत का राखून ठेवायची, काम चालू असता मालकाने मन बदलले तर दर कसा ठरवायचा, सारे तिला मुखोद्गत. शेवटी मी कागदावरचा प्रश्न वाचला : "निविदा उघडायच्या आहेत, आणि त्यांतल्याच एका कंत्राटदाराने तुम्हाला क्रिकेट सामन्याची तिकिटे पाठवली. काय कराल?"

"परत करीन, वरिष्ठांना सांगीन आणि नोंदवहीत लिहीन." मग ती हसून म्हणाली, "मामा, बाकीचे विषय बरे झाले तरी इथे चुकले तर नापास."

मी सहज म्हणालो, "एवढी कडक?" ती गंभीर झाली. मग तिने ग्रेनफेल टॉवरची गोष्ट काढली. नॉर्थ केन्सिंग्टनमधली ती चोवीस मजली इमारत. दुरुस्तीत तिला बाहेरून जस्ताचे पत्रे बसवायचे मूळ ठरले होते. खर्च वाचावा म्हणून त्याऐवजी पॉलिथिलीनचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे आले. सुमारे तीन लाख पौंड वाचले. १४ जून २०१७ च्या पहाटे आग लागली ती त्या पत्र्यांवरून बाहेरच्या बाहेर चढत गेली. ७२ माणसे गेली. २०२४ च्या चौकशी अहवालाने दोष अनेकांच्या पदरी घातला : माल विकणारे, बांधणारे, आराखडा करणारे आणि खुद्द सरकारसुद्धा.

"भिंत तेवढीच होती, मामा," ती म्हणाली. "बदलला तो वर्णनाचा रकाना. स्वस्त वस्तू सुचवणे हे आमचेच काम आहे. पण स्वस्त झाले म्हणजे नेमके काय कमी झाले, हे त्याच ओळीत विचारायला हवे."

मी पुढचा प्रश्न विचारला नाही. चहा निवून गेला होता.

भाची पास झाल्याचा निरोप मी परतल्यावर आला. यंदा दिवाळीपूर्वी पुन्हा घराला रंग द्यायचा होता. मी आणि आमची सौभाग्यवती टेप घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो, दारे-खिडक्या वजा केल्या, आणि कागदावर लिहिले : जुना रंग खरवडून काढणे, भेगा भरणे, प्रायमरचा एक हात, त्यावर अमुक रंगाचे दोन हात. नव्या कंत्राटदाराने कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे जरा आदराने पाहिले.

"साहेब, आपण बांधकाम खात्यात होता का?"

"नाही हो," मी म्हणालो. "मी मराठी शिकवतो."