पळसदरीच्या पुढची स्टेशनं

पुण्याकडे निघालेल्या लांबच्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात, तेवढ्यात प्रवासी फलाटावर वडे घेऊन घेतात. याच कर्जतहून सुटणारी खोपोली लोकल मात्र पळसदरीला मुख्य मार्ग सोडते आणि केळवली, डोलवली, लौजी करत सुमारे 15 किलोमीटरवरच्या खोपोलीत थांबते. पुढे रूळच नाहीत.

आज हा फाटा वाटतो, पण एके काळी हाच मुख्य रस्ता होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1856 मध्ये खोपोलीपर्यंत गाडी आणली, तेव्हा बोरघाट फोडायचा बाकी होता. 1858 मध्ये वर खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली, तरी मधला घाट पालखीने नाहीतर तट्टावरून ओलांडावा लागे. 1863 मध्ये पळसदरीहून थेट घाट चढणारे रूळ झाले आणि खोपोली बाजूला पडली. तरी गावाचं अडलं नाही. 1915 मध्ये टाटांचं जलविद्युत केंद्र इथे सुरू झालं, मुंबईच्या गिरण्यांना इथून वीज जाऊ लागली. पुढे कारखानेही आले.

मधल्या तीन स्टेशनांच्या सोयी सांगायला वेळ लागत नाही: एक फलाट, थोडं छप्पर, बसायला बाक. पण इथली खरी सोय वेळापत्रकात आहे. मार्ग एकेरी, त्यामुळे खोपोलीला गेलेली गाडी परतेपर्यंत दुसरी सोडणं अवघड. मुंबईहून थेट खोपोलीला येणाऱ्या लोकल मोजक्या. बाकीच्यांना कर्जतला उतरून शटल धरावी लागते. मुंबईची गाडी रखडली आणि शटल निघून गेली, की लौजीच्या माणसाने करायचं काय? रिक्षाचे पैसे मोजायचे किंवा पुढच्या गाडीची वाट बघत बसायचं. पावसाळ्यात धबधब्यांना येणाऱ्यांसाठी ती गंमत असेल. पास काढून रोज कामाला जाणाऱ्यांसाठी नाही.

पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं काम हाती घेतल्यापासून चर्चा चिखले, मोहोपे, चौक या स्टेशनांची आहे. ती हवीच आहेत. पण खोपोली शाखेची मागणी त्याहून कितीतरी स्वस्त आहे: दिवसा वाढीव फेऱ्या, मुंबईच्या लोकलची वाट पाहून सुटणारी शटल, रात्री फलाटावर पुरेसा उजेड आणि कुलूप नसलेलं स्वच्छतागृह. नवं वेळापत्रक ठरण्याआधी पासधारकांनी ही मागणी लेखी द्यावी.