नाथानाची गोष्ट आणि यमुनेचे पर्यटन

कादंबरी म्हणजे लटकी कथा. ती ख्रिस्ती घरात कशाला, असे वडीलधारी मंडळी आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. पुष्कळशा कादंबऱ्या वेळ दवडण्यापलीकडे काही करीत नाहीत. तरी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय उघडून पाहावा. दावीद राजाने उरियाची पत्नी नेली व उरियाला रणांगणावर मारविले. नाथान संदेष्टा त्याजपुढे आला तो एक रचलेली गोष्ट घेऊन. एका श्रीमंताची गुरेमेंढरे अगणित. तरी पाहुण्याच्या जेवणासाठी त्याने गरिबाची लेकीसारखी वाढविलेली एकुलती मेंढी हिरावून नेली. राजा संतापला, शिक्षा फर्मावून बसला. आणि मग त्यास कळले की तो श्रीमंत आपणच. पश्चात्ताप त्याच्या मनात शिरला तो गोष्टीच्या वाटेने.

मराठीत ही वाट प्रथम चोखाळली ती बाबा पद्मनजी यांनी. त्यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला, म्हणजे आजच्या आपल्याच कर्नाटकात. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ साली 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध केले. तीच मराठीतील पहिली कादंबरी, असे अनेक अभ्यासक मानतात. ते प्रॉटेस्टंट होते. त्यांचे प्रत्येक मत आपण उचलावे असे नव्हे.

यमुना व तिचा पती विनायकराव प्रवासास निघतात, आणि ठिकठिकाणी त्यांस विधवांची दैन्यावस्था दिसते. पुढे पती निवर्ततो व यमुनाही त्याच पंक्तीत येऊन बसते. अखेरीस ती ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. विधवाविवाहाचा कायदा नुकताच, १८५६ साली झाला होता. परंतु कायद्याने घरातली माणसे बदलत नाहीत. ग्रंथात धर्मचर्चा बरीच आहे, आणि खरे सांगावयाचे तर ती आम्हांस जड वाटते. मन हालते ते त्या विधवांच्या कहाण्यांनी.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतल्या आमच्या वाचकांना वाटेल, हे जुने दुःख, परक्यांच्या रूढीचे. दावीदासही तसेच वाटले होते. लग्नघरी हळदीच्या वेळी आपली विधवा काकू कोठे उभी असते? मिसेत ती आपल्याच बाकावर बसते, एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारते. मग मांडवात वधूला हळद लावावयास तिला कोणी का बोलावीत नाही? काही घरांत बोलावतात, हे आम्ही पाहिले आहे. काही घरांत ती स्वतःच चुलीपाशी काम काढून बसते, म्हणजे कोणास नको म्हणावे लागू नये.

पुस्तक मिळाल्यास रात्रीच्या जपमाळेनंतर घरातील एकाने मोठ्याने वाचावे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची मराठी, कन्नड शाळेत शिकणाऱ्या मुलांना अडेल. तेथे आजीने अर्थ सांगावा. धर्मचर्चेची पाने वगळली तरी चालतील. विधवांची पाने मात्र वगळू नयेत, आणि वाचन चालले असता काकूला स्वयंपाकघरातून बाहेर बोलवावे.