बचावलेल्या सैनिकाची भाषा

युद्धातून जिवंत परतलेल्या सैनिकाच्या मनात पुष्कळदा एक प्रश्न घर करून असतो : सोबती गेले, मग आपणच का उरलो? या अपराधीपणाच्या भावनेस कोणता शब्द दिला जातो, यावर समाज तिच्याकडे कसा पाहील हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

वैद्यकाचा इतिहास याची साक्ष देतो. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'शेल शॉक' ही संज्ञा वैद्यकीय नियतकालिकातून मांडली. तीत तोफगोळ्याच्या हादऱ्याचा निर्देश होता, मृत सोबत्याचा नव्हता. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर विकाराच्या लक्षणांत, इतर गेले असता आपण जगल्याची अपराधी भावना समाविष्ट केली. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत ती निदानाच्या निकषांतून वगळली गेली. सैनिकाचे दुःख तेच राहिले. बदलले ते त्यास दिलेले स्थान.

साहित्यिकापुढेही हाच प्रश्न असतो. व्हिएतनाम युद्धात लढलेले अमेरिकन लेखक टिम ओब्रायन यांच्या 'द थिंग्ज दे कॅरीड' (१९९०) या कथाग्रंथाच्या नावातच 'वाहणे' हे क्रियापद आहे. बॅटरीसह २६ पौंडांचा रेडिओ जसा वाहावा लागतो, तसाच पश्चात्तापही. 'पछाडणे' म्हटले असते तर सैनिक केवळ रुग्ण ठरला असता. 'वाहणे' म्हटल्याने तो भार उचलणारा माणूस राहतो.

याच ग्रंथात कायोवा नावाचा सैनिक रात्रीच्या तोफमाऱ्यात चिखलात गाडला जातो. त्याचा अधिकारी, लेफ्टनंट क्रॉस, मृताच्या पित्यास लिहावयाच्या पत्राची मनाशी जुळवाजुळव करू लागतो. एकदा त्यास वाटते, आपली चूक सरळ कबूल करावी. मग वाटते, अधिकाऱ्यास शोभेल अशा तटस्थ भाषेत लिहावे. युद्धात असे प्रकार घडतातच, क्षमायाचनेचे कारण नाही. 'मी त्यास तेथे नेले' आणि 'तो तेथे कामी आला' या दोन वाक्यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच या दोन पत्रांत आहे. दोहोंपैकी कोणतेही वाक्य खोटे नाही. परंतु पहिल्याने सारा दोष एकट्याच्या माथी येतो, तर दुसऱ्याने दोषाबरोबर माणूसही नाहीसा होतो. ओब्रायन पावसापासून राष्ट्रांपर्यंत दोषाचे अनेक धनी मोजून दाखवितात. तथापि त्या शेतात उभ्या असलेल्यास कारण नेहमी हाताशी असलेलेच दिसते, हेही ते विसरत नाहीत.

म्हणूनच 'तुमचा काही दोष नव्हता' हे सांत्वन खरे असले, तरी ते घाईने उच्चारले तर बचावलेल्याचे बोलणे तेथेच खुंटते. 'वीर' म्हणून केलेला गौरवही कधी कधी हेच करतो. त्याच्या अपराधभावात मृत सोबत्यांविषयीची निष्ठा असते. तिला वाव देणारा शब्द आधी शोधला पाहिजे.