घासणारीचा कौल

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातूनच वेगळा निघालेला गडचिरोली, या दोन अरण्यमय जिल्ह्यांतील कित्येक घरांत आज तीन पिढ्यांची साधने एका छपराखाली नांदताना दिसतात: परसातल्या पडवीत मातीची चूल आणि तिचा वैल, आत ओट्यावर गॅसची शेगडी व कुकर, आणि फळीवर जुन्या लुगड्याच्या तुकड्याखाली झाकून ठेवलेला मिक्सर. या साधनांविषयी बोलताना कशावर काय लवकर शिजते आणि कशाची चव न्यारी, एवढ्यावरच आपण बहुधा थांबतो. परंतु पंगत उठल्यावर मोरीत खरकट्या भांड्यांचा जो ढीग पडतो, त्याच्यापुढे बसणारीचा कौल कोणी घेत नाही. माझ्या मते साधनाची खरी परीक्षा त्या मोरीतच होते.

मालगुजारीच्या अमदानीत रयतेच्या सरपणाच्या आणि इतर निस्ताराच्या हक्कांची नोंद गावच्या वाजिब-उल-अर्जात होत असे; चूल पेटती राहणे ही गोष्ट सरकारदफ्तरीही अशी गृहीत धरलेली होती. या चुलीवर गंज चढवण्यापूर्वी जाणती गृहिणी त्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा पातळ लेप देई. काजळी धरायची ती त्या लेपावर धरे, आणि जेवणे आटोपल्यावर नुसत्या पाण्याच्या हाताने लेप उतरला की आतून पितळ जसेच्या तसे निघे. भांडे घासण्याचे निम्मे काम ते चुलीवर जाण्याआधीच उरकलेले असे. उरलेल्या कामाला चुलीतलीच राख आणि तणसाची एक मूठ पुरे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार असतो; ओलाव्यात तो तेलकटपणाशी संयोग पावून साबणासारखे कार्य करतो, आणि राखेचे बारीक कण घासणीचे काम करतात. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड हा तर धानाचा मुलूख, तेव्हा तणसाला तोटा कसला? भात पसवून निघालेली पेज पोरांच्या पोटात जाई, तांदळाचे धुवण गुरांच्या टोपल्यात जाई, आणि राखेचे पाणी परसातल्या भोपळ्याच्या आळ्यात मुरे. साबणाच्या चुऱ्याने घासलेल्या भांड्यांचे पाणी गुरापुढे ठेवता येत नाही, हा फरक मला लहान वाटत नाही.

तांब्या-पितळेच्या भांड्यांना मात्र कल्हईवाल्याची वाट पाहावी लागे. आमच्या अंगणात तो हातभर खड्डा खणून त्यात कोळसा भरी, भात्याने तो फुलवी, आणि चिमट्यात धरलेले भांडे रसरशीत तापले की आत नवसागराची चिमूट टाकी. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर वर येई, त्या धुरातच कथलाची कांडी भांड्याच्या अंगाला टेके, आणि कापसाच्या बोळ्याने त्याने एक फेर घेतला की काळवंडलेला तळ क्षणार्धात चंदेरी होई. लगेच पाण्यात बुडवताच चर्रर्र असा आवाज. कथील सुमारे २३२ अंशांनाच वितळते, म्हणून हे काम अंगणातल्या खड्ड्यावर साधे. हा थर नसलेल्या पितळेत ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते, आणि कळकलेले अन्न पोटाला अपायकारक असते. पुढे ‘जर्मन’ची, म्हणजे ॲल्युमिनियमची, आणि त्यानंतर स्टेनलेस स्टीलची भांडी घराघरांत शिरली, ती केवळ स्वस्ताईमुळे किंवा झळाळीमुळे नव्हे, कल्हईचा हा वारंवारचा खर्च त्यांनी कायमचा चुकवला.

परंतु चुलीची थोरवी गाताना तिच्या धुराचा जमाखर्च दडवणे हा मोठा अन्याय होईल. त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड आणि अतिसूक्ष्म कण असतात. स्त्रियांच्या फुफ्फुसांचा ते ऱ्हास करतात, आणि कुशीत घेतलेल्या तान्ह्यांना न्यूमोनियाचा धोका वाढवतात. शिवाय मोळीसाठी जंगलात जावे लागते, आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या रानात सरपणाला गेलेल्या बाईवर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या आपण वाचतच आलो आहोत. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या वर्ध्याच्या मगनवाडीने आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातून ‘मगन चूल’ पुढे आणली, ती याच धुराला वाट करून देण्यासाठी. २०१६ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे १४.२ किलोचे सिलिंडर खेड्यापाड्यांत पोहोचले, हे मोठेच काम झाले. तथापि रिकामे सिलिंडर भरून आणण्याइतकी रोकड हाती नसेल त्या महिन्यात तीच बाई पुन्हा फुंकणी उचलते.

कुकराचा पूर्वज देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली बनवला. भारतीय घरांत तो रुळला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आत कोंडलेल्या वाफेच्या दाबाने पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते, म्हणून तुरीची डाळ थोड्या वेळात व थोड्या इंधनात मऊ होते. पण त्याचे झाकण ही घासण्याची नव्हे, तपासण्याची वस्तू आहे. आमच्या घरी एकदा डाळीचा फेस वाफेच्या नळीत वाळून बसला होता. ती कोणी पाहिली नाही, आणि सुरक्षा-झडप उडून वरण आढ्यापर्यंत गेले. कोणाला इजा झाली नाही, परंतु त्या दिवसापासून नळी डोळ्याला लावून आरपार उजेड दिसल्याखेरीज आमच्या घरात झाकण बसत नाही.

मिक्सरचेही तसेच. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने १९६३ च्या सुमारास भारतीय वाटणाला पुरेल असा ‘सुमीत’ घडवला, तेव्हा पाट्या-वरवंट्यापुढे वाकलेल्या किती पाठी सरळ झाल्या असतील! पाटा मात्र तांब्याभर पाण्याने धुतला जाई, आणि मिक्सरच्या पात्याखाली मसाला दडून आंबतो. वाटण काढताच भांड्यात पाणी व साबणाचा थेंब घालून ते क्षणभर फिरवावे. वाळल्यावर बोटे कापून घेण्यापेक्षा हे बरे.

आता विजेची, इंडक्शनची शेगडी आली आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट असली, तरी भारनियमनाचे दिवस आमच्या पिढीने येथेच काढले, म्हणून एकट्या विजेवर विसंबून चूल मोडावी, असे मी कोणाला सांगणार नाही. या शेगडीवर पितळ, जर्मन वा मातीचे भांडे तापत नाही. आजीचा लोखंडी तवा बुडाला सपाट असेल तर मात्र उत्तम तापतो. तो साबणात भिजत ठेवू नये. गरम पाण्याने धुऊन, विस्तवावर कोरडा करून, तेलाचे बोट फिरवून ठेवावा.

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे: पुढच्या वेळी कोणतेही साधन विकत घ्याल तेव्हा दुकानातच त्याचे झाकण, रबर, पाते सुटे करून पाहा; आणि घरी ते ज्या हातांनी रोज घासले जाणार आहे, त्या हातांना सोबत घेऊन जा.