भेदरट कोबी

वर्षानुवर्षे चालणाऱ्या साहसकथेत नायक फारसा बदलत नाही, असा आमचा अनुभव आहे. त्याचा पिंड पहिल्याच दिवशी ठरलेला असतो. काळाची खूण पाहायची तर ती नायकाच्या आजूबाजूच्या माणसांवर पाहावी. जपानचे चित्रकथाकार एइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ ही अशीच एक लांबलेली कथा. १९९७ साली ती ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात चित्रांतून सुरू झाली, ऑक्टोबर १९९९ पासून तिची टेलिव्हिजन-मालिका निघाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या मालिकेचा १००० वा भाग दाखवला गेला. लुफी नावाचा एक पोर समुद्री चाच्यांचा राजा व्हायला निघतो, हे तिचे मुख्य सूत्र. पण आम्हांला सांगायचे आहे ते कोबीविषयी. नाव ऐकून वाचकांना मंडई आठवली तर त्याला आमचा इलाज नाही.

हा कोबी पहिल्याच भागात भेटतो. मासे धरायला म्हणून निघालेला हा मुलगा चुकून आल्विडा या चाचीणबाईच्या गलबतावर चढला आणि दोन वर्षे तिथे हरकाम्या म्हणून राबला. पळून जायची छाती नाही. पिंपातून बाहेर आलेला लुफी त्याला आपला मनोरथ सांगतो, तेव्हा कोबी ‘अशक्य, अशक्य’ असा धोशा लावतो आणि टोला खातो. वस्तुतः त्याच्याही मनात एक स्वप्न आहे : आरमारात शिरून चाच्यांना पकडावे. लुफी त्यासाठी मरायलाही तयार आहे हे ऐकून तो प्रथमच आल्विडेला तोंडावर उलटून बोलतो. बोलताना त्याची बोबडी वळलेली असते, हे ध्यानात ठेवावे.

पुढे आरमाराच्या तळावर भरती व्हायची वेळ येते, तेव्हा अधिकाऱ्याला संशय येतो, हा चाच्याचा सोबती तर नव्हे? लुफी मुद्दाम कोबीचे पूर्वचरित्र सर्वांदेखत उकरू लागतो, कोबी चिडून त्याला ठोसा मारतो, आणि लुफी त्याला बदडून काढतो. मैत्री नाही, अशी अधिकाऱ्याची खात्री पटते. मार खाल्ल्यावर कोबीला उमगते की हे सारे आपल्यासाठीच होते. दोघे मित्र समोरासमोरच्या तीरांवर जातात ते असे.

मग बराच काळ कोबी जवळजवळ दिसत नाही. लुफीचे आजोबा गार्प हे आरमारातले जुने खोड. त्यांच्या हाताखाली कोबी आणि हेल्मेप्पो नावाचा एक बिघडलेला अधिकारीपुत्र घाम गाळतात, एवढे २००१ साली दोन भागांत दाखवले आहे. २००७ मध्ये कोबी परत येतो तो उंच, काटक आणि इतका बदललेला, की लुफीला ओळख पटत नाही. येथे सामान्य लेखकाने ‘भित्रा होता, शूर झाला’ म्हणून खाते बंद केले असते. ओदांनी तसे केले नाही, आणि आमच्या मते सगळी गंमत तिथे आहे.

मरीनफोर्डचे युद्ध लागते. एकीकडे आरमार, दुसरीकडे चाच्यांची फौज. एवढी तालीम घेतलेला कोबी रणधुमाळी पाहून हेल्मेप्पोसह पळ काढतो! आडोशाला लपून त्याला दिसते काय, तर घरच्यांसाठी जीव वाचवू पाहणाऱ्या एका पळपुट्या शिपायाला खुद्द आपलाच सेनानी ॲडमिरल अकाइनू जाळून टाकतो. पुढे कोबीमध्ये एक विलक्षण श्रवणशक्ती जागी होते. माणसे मरत असताना त्यांचे आवाज त्याच्या डोक्यात घुमू लागतात, थांबत नाहीत. आरमाराचा हेतू एव्हाना साधला आहे. तरीही बेशुद्ध लुफीला नेणाऱ्या पाणबुडीमागे अकाइनू धावतो आहे, आणि जखमी शिपाई वाऱ्यावर सोडले आहेत.

त्या क्षणी कोबी हात पसरून अकाइनूच्या वाटेत उभा राहतो. २०११ साली दाखवला गेलेला हा प्रसंग आहे. रडत, ओरडत तो लढाई थांबवा म्हणतो. शिपायांना घरे आहेत, वाट पाहणारी माणसे आहेत, याची आठवण देतो. ज्याला त्याने जळताना पाहिले, त्याचीच बाजू तो मारणाऱ्यापुढे मांडतो आहे. अकाइनूला एवढेच दिसते की आपला वेळ फुकट गेला. तो हात उगारतो, आणि कोबी मरणार इतक्यात शँक्स हा चाचा मध्ये येऊन तो घाव अडवतो. या काही क्षणांनी जगाचे भवितव्य फिरले, असे कथाकार स्वतःच सांगून टाकतो. ते सांगितले नसते तरी चालले असते.

कोबीचे भय येथे गेलेले नाही. पहिल्या भागात जसा तो थरथरत होता तसाच येथेही थरथरतो आहे. शत्रूवर धावून जाण्यापेक्षा आपल्याच वरिष्ठाला ‘पुरे’ म्हणणे अवघड, कारण त्यात पाठीशी कोणीच नसते. आणि ज्याच्याकडून तो हे शिकला तो लुफी बेशुद्ध असल्यामुळे यातले काही पाहूही शकत नाही. ही बारा वर्षे मध्ये गेली नसती तर या किंकाळीला एवढे वजन आले असते, असे आम्हांला वाटत नाही.

त्यानंतरचा कोबी आम्हांला थोडा कमी पटतो. कथेतली दोन वर्षे लोटतात आणि तो कॅप्टन झालेला, रॉकी पोर्ट येथल्या प्रकरणाचा वीर म्हणून गाजलेला आढळतो. तो पराक्रम मात्र पडद्याआड घडतो, आपल्याला केवळ कीर्ती ऐकवली जाते. पण २०२३ साली मूळ चित्रकथेत ओदांनी त्याला पुन्हा अडचणीत घातले. चाच्यांनी कोबीला हाचिनोसु बेटावर धरून नेले, सोडवायला म्हातारे गार्प आले, आणि परतीच्या वाटेवर दगडाचा एक प्रचंड हात जहाजावर कोसळू लागला. तो कोबीने एका ठोशात फोडला. जहाज सुटले, गार्प मात्र बेटावरच राहिले.